दोन बोटांची जागा

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘दादा, एकटा राहू नकोस, कायमचा माझ्याकडे ये,’ असं तिनं लिहिलं होतं. जावंसं वाटे, पण तिच्या मायेत मला गुदमरायला होतं, हे कसं लिहायचं? काल पत्रासाठी कागद-पाकीट घ्यायला दुकानात गेलो, तर रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको कुत्र्यासाठी पट्टा घेत होते.

“कुत्रं आणलं नाहीत?” दुकानदारानं विचारलं.

“पट्टा दिसला की ते पलंगाखाली जातं. ह्यांच्या गळ्यात घालून बघा, माप तेच आहे.”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. परवा सैल पट्ट्यातून मान काढून पळालं, ट्रकखाली जाता जाता वाचलं.”

“वहिनी, आत दोन बोटं गेली पाहिजेत. जास्तही नको, कमीही नको.”

“गेली. अहो, आता मागे सरका बघू. डोकं निघतं का?”

“नाही निघत.”

“श्वास घेता येतो?”

“येतो की.”

“मग काढा आता.”

“घरापर्यंत राहू दे. बरं वाटतंय.”

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, ‘येतो. फक्त दोन बोटं जागा ठेव.’ पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.