स्कायलॅब पडणार होती म्हणून

...नाही, पण तुम्हीच सांगा मला, माणसाने घरात काय काय साठवावं? कोणी साड्या साठवतं, कोणी पितळी भांडी, आमच्या शेजारच्या मिसेस चड्ढा तर दिवाळीच्या मिठाईचे रिकामे डबे साठवतात, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, पण निदान डबे आहेत हो, डाळ तरी भरता येते त्यांत! आणि आमच्याकडे काय? बातम्या! शिळ्या! पोळी शिळी झाली तर कुस्करून फोडणीला टाकता येते, बातमी शिळी झाली तर काय करायचं तिचं?

तुम्हाला सांगते, आमचे हे, सुधन्वा, इथे दिल्लीत कृषी भवनात सेक्शन ऑफिसर, माणूस साधा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाद एकच. रेडिओवर मोठी बातमी असली की रेडिओसमोर यांच्या मामाने कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि खटका दाबायचा. आणीबाणी उठली, खटका. सरकार पडलं, खटका. क्रिकेटचा वर्ल्डकप आला, खटका. मग एक्याण्णवचं ते बजेट आलं, जग बदललं, टीव्हीवर चोवीस तास बातम्या सुरू झाल्या, म्हटलं चला, आता तरी सुटले, तर म्हणतात कसे, "हेमा, ह्या आजकालच्या बातम्या. त्या वेळच्या त्या बातम्या. आणि हे बघ, ओरिजिनल आहे, ओरिजिनल!" आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो ना, पाणी टँकरचं, वीज मर्जीची, डोक्यावरून विमानं, पण स्वतःचा फ्लॅट यार! तर सामान हलवताना माझ्या आईने दिलेली लोखंडी कढई ट्रकमध्ये घरंगळत आली आणि कॅसेटची सुटकेस आली कुठे? यांच्या मांडीवर!

आलागेला कोणी टेकला की लागलीच टेप. "ऐका, ओरिजिनल आहे!" पाहुणा बिचारा मान डोलावतोय, चहा निवतोय, आणि मी? टेप लागली की मी स्वयंपाकघरात. कुकर लावते, मिक्सर लावते, काही नाही तर नळ सोडते, टँकरचं पाणी असलं तरी सोडते! म्हणजे लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्या सुटकेसमधलं एक वाक्य मी कधी धड ऐकलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण नडलं ते इथेच.

आता दुसरी गोष्ट. माझं लग्न. तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाई, अहिल्याबाई, जाऊन चार वर्षं झाली त्यांना, त्या सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या सुधन्वाने हेमलताला पाहिलं आणि पाहताक्षणी हो म्हणाला." पाहताक्षणी! मी एवढ्या भांडवलावर संसार केलाय हो! हे वाढदिवस विसरले, मी म्हटलं असू दे, पाहताक्षणी हो म्हणालेत. सिनेमाला नेईन म्हणाले आणि बातम्या ऐकत बसले, असू दे, पाहताक्षणी! आणि सोसायटीतल्या पंजाबी बायका करवा चौथला गच्चीवर चंद्राची वाट बघत बसतात ना, तिथे तर मी दरवर्षी ही गोष्ट सांगायचे. "लव्ह ॲट फर्स्ट साइट जी?" "बिल्कुल जी!" अशी ऐट माझी!

तर झालं काय, गेल्या डिसेंबरात, शतक संपायला आलेलं, जिकडे तिकडे शंभर वर्षांचा आढावा, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाटियासाहेब, त्यांच्याही अंगात आलं. एका रविवारी दुपारी लॉनवर सगळ्यांना जमवायचं, ऊन, शेंगदाणे, तिळाची गजक, आणि म्हणाले, "सुधन्वाजी, आप अपनी वो पुरानी न्यूजवाली कैसेटें बजाइए! बच्चों को भी तो पता चले!" झालं! अहो, मुंडावळ्या बांधल्यावर हे हसले नव्हते इतके त्या दिवशी हसले. रात्रभर कॅसेटी पुसत बसले. इस्त्रीचा सफारी काढला. तंबूवाल्याकडून माणसाएवढे दोन स्पीकर आणले, जागरणाला लावतात तसले, आणि आमची देवयानी, कॉलेजात आहे आता, तिला माइकवर उभी केली निवेदनाला.

सुरुवात झकास झाली हो. आणीबाणीला टाळ्या. वर्ल्डकपला तर शिट्ट्या. मला पण वाटलं, अरे, आपला नवरा काहीतरी आहे! मी आपली पहिल्या रांगेत मिसेस चड्ढांशेजारी, मांडीवर शेंगदाणे, शाल खांद्यावर, मिसेस सुधन्वा! आणि मग यांनी घोषणा केली, "अब सुनिए, एकोणऐंशी, जुलै... मतलब उन्यासी! स्कायलॅब गिरने की खबर! ओरिजिनल है जी, ओरिजिनल!"

आठवतेय ना स्कायलॅब? अमेरिकेचं ते आकाशातलं घर, बिघडलेलं, कुठे पडेल कोणाला ठाऊक नाही, लोक देवळात जाऊन बसले होते, कोणी कोंबड्या कापून खाल्ल्या, म्हणे उद्या आपणच नसलो तर? खटका दाबला. खरखर... आणि निवेदकाचा तो भारदस्त आवाज, "अमरीकी अंतरिक्ष प्रयोगशाला स्काईलैब आज रात किसी भी समय..." सगळं लॉन चिडीचूप. तेवढ्यात विमान आलं. भाटियासाहेब उठले, "रोको जी, रोको, जहाज निकल जाने दो!" विमान गेलं. पुन्हा खटका. आणि दोन्ही स्पीकरांतून, पार मागच्या टॉवरपर्यंत, आमच्या सासूबाई!

"अहो, त्या करोलबागवाल्यांना काय कळवायचं?"

माझ्या हातातला शेंगदाणा हातातच! करोलबाग म्हणजे माझं माहेर! रेडिओ होता फळीवर आणि टेपरेकॉर्डर टेबलावर माणसांच्या पुढ्यात, त्यामुळे निवेदक मागे आणि सासूबाई पुढे! भाटियासाहेब विचारतात, "ये कौन बोला जी?" तर हे, स्वतःच्या सख्ख्या आईला, तुम्हाला सांगते, म्हणतात, "कुछ नहीं, थोडा डिस्टर्बन्स है!"

आणि डिस्टर्बन्स सुरूच! "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण फार बोलकी वाटली बाई मला. पोहे दिले ते दिले, वर ज्याला त्याला विचारत होती, मीठ बरोबर आहे का, मीठ बरोबर आहे का!" मिसेस चड्ढा मला कोपराने ढोसतायत, "क्या बोल रही है, क्या बोल रही है?" मी म्हटलं, "मौसम की बात कर रही हैं." पण आमचं रत्न! माइक हातात! दिल्लीत जन्मलेलं, मराठी निम्मं समजणार, निम्मं ठोकून देणार! "आंटी, दादी बोल रही हैं कि लड़की का नाक और आँखें नीट एंड क्लीन हैं, पर बोलती बहुत है!" लॉनभर हशा. मी डोळे वटारतेय, हातवारे करतेय, तिला वाटतंय आई म्हणतेय जोरात बोल!

मग सासरे, अण्णासाहेब. "थांब गं, आधी काय पडतंय ते कळू दे, सरकार की स्कायलॅब. मग बघू सोयरिकीचं." तर ही कार्टी माइकवरून मलाच विचारते, "आई, सोयरीक म्हणजे सोयाबीनचं काही असतं का?" मी तिथे पाय ओढत व्यासपीठाकडे निघालेय, वायरमध्ये चप्पल अडकलीय, आणि अण्णासाहेब टेपमध्ये विचारतात, "सुधन्वा, तुझं काय म्हणणं? मुलगी तुला करायचीय."

मी थांबले. खरं सांगते, थांबले. म्हटलं, आता येणार! पाहताक्षणीवालं वाक्य येणार! ऐकू दे अख्ख्या द्वारकेला!

आणि आला हो यांचा आवाज. कोवळा, बारीक, पण यांचाच. "श्श! बातम्या चालू आहेत ना!... हो म्हणून टाका. नाहीतरी रात्री स्कायलॅब पडणारच आहे डोक्यावर."

"पापा बोल रहे हैं," आमच्या लेकीने सगळ्या सोसायटीला समजावलं, "हाँ बोलकर फेंक दो, वैसे भी रात को सिर पर स्काईलैब गिरनेवाला है!"

अहो, काय सांगू तुम्हाला! म्हातारे खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले! भाटियासाहेब, "ओये होये! एक बार और! रिवाइंड, रिवाइंड!" आणि हे? यांना वाटलं बातमी आवडली! छाती पुढे काढून म्हणतात, "ओरिजिनल है जी, ओरिजिनल!" तेवढ्यात वीज गेली. द्वारकेच्या विजेने आजवर माझं काही भलं केलं असेल तर ते तेवढंच.

त्यानंतर मी बोलणं बंद केलं. मी! जिच्याबद्दल सासूबाईंनी टेपवर साक्ष दिलीय ती! मुकाट्याने वाढायचं, मुकाट्याने उचलायचं. म्हटलं, बघू कधी विचारतात. चार दिवसांनी माझ्याकडे निरखून बघतात आणि म्हणतात, "हेमा, घसा बसलाय का? मिठाच्या गुळण्या कर." बोला! आणि बाहेर जावं तर लिफ्टमध्ये भाटियासाहेब, "नमस्ते भाभीजी, हाँ बोलकर फेंक दो!" मिसेस चड्ढा घरी येऊन पाठीवरून हात फिरवतात, "दिल छोटा मत करो जी. मेरेवाले ने तो फ्रिज देखकर हाँ की थी. आपका तो फिर भी आसमान से आया था!" हसू पण येतंय आणि इथे, छातीत, काहीतरी टोचतंय पण. म्हणजे वीस वर्षं मी नांदले ती कशाच्या जोरावर? अमेरिकेचं एक यंत्र बिघडलं होतं म्हणून? सासूबाई असत्या तर पदर धरून विचारलं असतं, का हो खोटं सांगितलंत? त्याही गेल्या.

शेवटी एका शनिवारी, यांना सुट्टी, देवयानी कॉलेजात, आम्ही दोघं गॅलरीत उन्हाला बसलेलो, मी मटार सोलतेय, आणि मीच म्हटलं, "अहो, ती टेप लावा."

पेपर खाली आला. चष्मा वर गेला. अहो, वीस वर्षांत बायको पहिल्यांदा म्हणतेय टेप लावा! "कुठली? वर्ल्डकप लावू? आणीबाणी?" "स्कायलॅब. पूर्ण." "पूर्ण? त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यापण आहेत!" "त्यासुद्धा." असे धावले आत, पायातली एक चप्पल तिथेच राहिली.

लावली. सासूबाई झाल्या, अण्णासाहेब झाले, टाकून दिलेला तो होकार झाला, मी मटारच्या शेंगा अशा काही मोडतेय! मग थोडी खरखर, आणि सकाळ झाली टेपमध्ये. मागे खलबत्त्याचा ठोका, सासूबाई चहात आलं घालायच्या ना, तो ठोका, एक जोरात, दोन हळू. माझे हात थांबले. चार वर्षांत ऐकला नव्हता हो मी तो! आणि निवेदक सांगतोय, तुकडे पडले, ऑस्ट्रेलियात पडले, हिंद महासागरात पडले, भारत सुरक्षित.

अण्णासाहेब म्हणाले, "चला, सुटलो."

सासूबाई म्हणाल्या, "मग आता काय? करोलबागला निरोप कुठे गेलाय अजून. रविवारी ती वरणगावकरांची मुलगी बघून घेऊ. डोक्यावर काही पडत नाहीये आता, घाई कशाला?"

निवेदक बोलतोय. आणि निवेदकाच्या मध्येच, त्याचं वाक्य तोडून, यांचा आवाज. मोठा. यांनी इतक्या मोठ्याने बोललेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. "नको! वरणगावकर नको, कोणी नको! हीच. मी जातो करोलबागला, आत्ता जातो."

"अरे, ऑफिस?"

"रजा टाकतो!"

आणि बशी पडल्याचा आवाज, आणि दार.

अहो, मला आठवतंय ना! त्या सकाळी हे आमच्या दारात उभे, शर्टाची बटणं खालीवर, घामाघूम, बसने आलेले. तीन पेले पाणी प्यायले आणि बाबांना तासभर स्कायलॅब समजावून सांगितली, तुकडे किती, वेग किती. मला वाटलं होतं अण्णासाहेबांनी पाठवलं असेल निरोप्या म्हणून. मला काय माहीत घरातून बशी फोडून आलेत!

टेप संपली. खटका पडला. माझ्या डोळ्यांत पाणी, मांडीवरचे मटार सगळे गॅलरीभर, वरून विमान चाललंय, आणि यांचं डोकं खाली. म्हटलं, आलं, यांनाही भरून आलं! मी हळूच विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं," म्हणाले. आवाजसुद्धा जड.

"काय वाटलं?"

"फार वाईट वाटलं हेमा," म्हणाले. "'भारत सुरक्षित'च्या पुढचं वाक्य अख्खं गेलं बघ. मी तेव्हा मध्येच बोललो नसतो ना, तर बातमी कशी स्वच्छ आली असती!"

आता काय करता, सांगा? मी वाकून मटार वेचायला घेतले आणि म्हटलं, "जाऊ दे हो. आयुष्यात एकदाच तर धड बोललात!"