महामायाची मुलाखत अन् माह्या मिरच्या

...अन् तेवढ्यात त्या जानरावनं चक्की सुरू केली ना हो. आता तुमीच सांगा, चूक कोणाची? मी आपली दळणाच्या डब्यावर बसून ज्वारीचा नंबर लागायची वाट पाहून राह्यली, पुढं दोन बाया बोलून राह्यल्या, मंजुश्री सुवर्णाले म्हणे, 'गुरुवारी अमरावतीवरून गाडी येते, महामायाले घेऊन जातीन, अन् मंग ती...' अन् घर्रर्र. पुढचं सारं पिठात गेलं. मंग ती काय? मंग तिचं काय? मी मान लांब केली, डब्याच्या कडेपर्यंत सरकली, तर नुसते ओठ हलताना दिसले, अन् सुवर्णानं पदरानं डोळा पुसला. आता पीठ उडून डोळ्यात गेलं असन, असं आज वाटते. तवा नाही वाटलं.

विचारायचं होतं ना मंजुश्रीले, असं तुमी म्हणसान. कसं विचारू? तुमाले सांगते, मले कोणाच्या घरात नाक खुपसायची सवय नाही.

महामाया म्हणजे आमच्या भिंतीले भिंत लागून राहणाऱ्या प्रेमानंदभाऊची पोरगी. भाऊ रेल्वेत, मंजुश्री अंगणवाडीत, अन् ही एकुलती एक, आता चांगली लग्नाच्या वयाची. तोंडानं थोडंसं बोलते, एखाद्या दिवशी तेही नाही. कुकरची शिटी झाली की कान दाबते, अंगाले कोणी हात लावलेला तिले चालत नाही. पण इस्त्री करते तर अशी, की आमच्या घरच्यांचा सदरा तिच्या हातून आला की घडी मोडायची हिंमत होत नाही माणसाची. मंजुश्रीनं मले केव्हाच समजावून सांगतलं होतं, 'आशाताई, ती स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात त्याले. बीमारी नाही ते, तिचं घडणंच तसं आहे.' मी म्हटलं, हाव, समजलं. अन् दुसऱ्या दिवशी ताईत घेऊन गेली.

मंग ब्राह्मीचं तेल नेलं. मंग जिभेले लावायले वेखंड नेलं. अन् रोज सकाळी तिच्या दारात उभी राहून हाक, माह्यी हाक तर तुमाले माहीत आहे, 'काय व महामाया, आज बोलतं का नाही मावशीसंग?' अन् गालाले एक चिमटा. ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड करे. मी म्हणो, लाजते पोरगी.

तर ते अर्धं वाक्य घेऊन मी घरी आली. अर्धं वाक्य पोटात ठेवून कोणाले जेवण जाते का? मी फक्त सुभद्राबाईले सांगतलं, तेही असं, की कोणाले सांगू नको व. आता सुभद्राबाईले 'कोणाले सांगू नको' म्हणणं म्हणजे भोंग्याले वीज जोडून देणं. दुपारी भाजीवाली म्हणे, 'पोरीले आश्रमात टाकून राह्यले म्हणते.' संध्याकाळी दूधवाला म्हणे, 'कायमचं.' अन् आमच्या घरचे, पुंजाजी, चौकातून आले ते चप्पल काढायच्या आधी म्हणतात, 'अवं, त्या महामायाच्या मेंदूचं ऑपरेशन आहे म्हणते अमरावतीले.' म्हणजे पाहा, बातमी माह्याच घरातून बाहेर पडली, साऱ्या नांदुऱ्यात हिंडली, अंगानं भरून आली, अन् माह्याच ओसरीवर येऊन बसली, अन् मी तिले ओळखलं नाही. मी रडली. आमच्या घरचे म्हणे, 'बाजूलेच तर राह्यते मंजुश्री, जाऊन विचार.' म्हटलं, लोकाच्या दुखात मी विचारत बसू काय? मले नाही कोणाच्या घरात नाक खुपसायची सवय.

गुरुवारी गाडी आली. पांढरी, अमरावतीचीच. म्हणजे खरंच ना? आता लेकरू कायमचं चाललं, तर त्याले असंच जाऊ देता का? नजर उतरवून पाठवलं पाहिजे. प्रेमानंदभाऊच्या घरी असलं काही मानत नाहीत, ते बुद्धवंदना करणारे लोक, माहा ताईत त्यांनी मान राखून कपाटात ठेवला होता, गळ्यात नाही, मी पाह्यलं होतं. पण मी म्हटलं, माया काय मानणं न मानणं विचारून येते? शेगडीत निखारे फुलवले, मीठ घेतलं, मोहरी घेतली, अन् आमच्या वावरातल्या लाल मिरच्या, त्या पण मूठभर, कारण नजर जुनी असन असा माहा अंदाज. मागं सुभद्राबाई अन् अन्नपूर्णाबाई, तोंडाले पदर लावून, आधीच हुंदके देऊन राह्यल्या.

दारावर कागद लावला होता, 'कृपया बेल वाजवू नका.' मी कुठं बेल वाजवली? मी कडी वाजवली. अन् कोणी उघडायच्या आत लोटलं दार.

आत पाह्यते तर पडदे ओढलेले. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलेलं, नुसता खिळा. महामाया टेबलापाशी, समोर ती काचेची पाटी असते ना, टॅब, त्याच्यावर एक एक अक्षर दाबून राह्यली. बाजूले एक मॅडम, अन् एक पोरगा कानाले मोठाले हेडफोन लावून. मंजुश्री अन् भाऊ कोपऱ्यात चुपचाप. कोणी बोलत नाही, कोणी हालत नाही. मले वाटलं, झालं, भुलीचं इंजेक्शन देल्लं.

मंग मी काही पाह्यलं नाही. 'माह्ये बाई व' म्हणत सरळ गेली, दोन्ही मुठी तिच्यावरून ओवाळल्या, आल्याची, गेल्याची, शेजारी-पाजाऱ्याची... अन् टाकल्या निखाऱ्यात.

तुमाले माहीत असन, नजर लागली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं म्हणतात. इथं मॅडम खोकली. भाऊ खोकले. सुभद्राबाई रडता रडता खोकली. बाहेर गाडीचा ड्रायव्हर खोकला. म्हणजे पोरीले कोणाची नजरच नव्हती, एवढं तर पक्कं झालं. पण महामाया खोकली नाही. ती ओरडली. मी तिच्या जन्मापासून शेजारी, पण तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. दोन्ही हातानं कान दाबले, कपाळ टेबलावर आपटलं, खुर्ची पाडली, अन् न्हाणीत जाऊन आतून कडी लावली.

मले वाटलं, आता मंजुश्री शिव्या देते. देल्या असत्या तर बरं झालं असतं, मी पण चार देल्या असत्या, मोकळं झालं असतं. तिनं शेगडी उचलली, अंगणात नेऊन पाणी ओतलं, अन् म्हणे, 'आशाताई, तिले आज कोणीतरी पहिल्यांदा विचारायले आलं होतं.' बस, एवढंच. अन् आत गेली.

काय विचारायले? कोण आलं होतं? मले काही समजेना. मी ओट्यावर बसली. थोड्या वेळानं तो हेडफोनवाला पोरगा बाहेर आला, माह्याकडे न पाहता, अंगणातल्या बादलीकडे पाहून म्हणे, 'मी गजेंद्र. मी पण स्वमग्न आहे.' मी म्हटलं, 'पण तुमी तर बोलता बाप्पा.' म्हणे, 'हाव. बोलतो. मंग दमतो.' त्यानं सांगतलं, ते कोणत्याशा कॉलेजातले, संशोधन करतात. आजवर असल्या पोरांबद्दल विचारायचं झालं तर आईले विचारत, मास्तरले विचारत, डॉक्टरले विचारत. हे लोक ज्याचं त्यालेच विचारतात, तुले कशाचा त्रास होते, कशानं बरं वाटते, लोकांनी कसं वागावं. प्रश्न तिले आधीच पाठवले होते. गाडीचा फोटो पाठवला, स्वतःच्या तोंडाचे फोटो पाठवले, मॅडमनं तर आज अत्तर नाही लावलं, केसाले वासाचं तेल नाही लावलं. 'काहीही अचानक होणार नाही, असं आमी तिले कबूल केलं होतं,' म्हणे.

अचानक म्हणजे मी.

म्हटलं, 'आता काय होईन?' म्हणे, 'थांबू. दिवस मावळेपर्यंत. ती बाहेर नाही आली तर तिची मुलाखत राहून जाईन. ओढून नाही आणत आमी कोणाले. पण तिच्या मनात फार होतं सांगायचं. कधीपासून तयारी करत होती.' अन् मंग तो पोरगा, काही टोमणा नाही, काही राग नाही, नुसतं विचारते, 'तुमी इतक्या जुन्या शेजारी. तुमाले काय वाटते, तिले सर्वात जास्त त्रास कशाचा होते?'

मी तोंड उघडलं. तुमाले सांगते, या गल्लीत कोणाच्या डाळीत मीठ जास्त पडलं ते मी उंबऱ्याबाहेरून सांगते, कोणाचा जावई रुसला, कोणाची गाय आटली, सारं मले ठाव. अन् या प्रश्नाले माह्या तोंडातून हवा निघाली, शब्द नाही. मघापासून म्हणून राह्यली ना, मले कोणाच्या घरात नाक खुपसायची सवय नाही? खरंच नव्हती हो. खुपसलं असतं तर काही तरी माहीत असतं. मी तर नुसती दारात उभी राहून ओरडत होती.

मी उठली. मले एकच समजलं होतं, आवाज नको. जानरावकडे गेली, म्हटलं, चक्की बंद कर. हे मी इतक्या हळू म्हटलं की तो घाबरला, 'वहिनी, कोणाचं काय झालं?' त्याले वाटलं घरात कोणी गेलं. बंद केली बिचाऱ्यानं. अन्नपूर्णाबाईचा कुकर दुसऱ्या शिटीच्या आधी मी माह्या हातानं उतरवला, तिच्या घरच्यांनी त्या दिवशी डाळ चावून खाल्ली. भंगारवाला भोंगा लावून येत होता, मी त्याच्या गाडीपुढं आडवी झाली, हात जोडले, त्यानं माह्या हातावर पाच रुपये ठेवले. सुभद्राबाईले तर मी घरात घालून बाहेरून कडी लावणार होती, पण ती आपणच चूप बसली, पहिल्यांदा. गल्लीत इतकं शांत झालं की कुत्री उठून इकडं तिकडं पाहून राह्यली. एक मालगाडी तेवढी नांदुरा स्टेशनातून भोंगा देत गेली. ते काही माह्या हातात नव्हतं. पण मान मीच खाली घातली.

उन्हं कलली. मी ओट्यावर, गजेंद्र अंगणात. आत न्हाणीची कडी वाजली. खुर्ची सरकली. अन् मंग टक... टक... टक, ते अक्षरं दाबायचं बोट. कितीक वेळ ते चाललं. मी हालली नाही, पायाले मुंग्या आल्या तरी.

संध्याकाळी मॅडमनं, प्रेरणा नाव तिचं, मले दारात बोलावलं. हळूच म्हणे, 'शेजाऱ्यांबद्दल एक प्रश्न होता. तिनं तुमच्याबद्दल लिहिलं आहे. तुमाले दाखवू का, हे मी तिले विचारलं. ती हो म्हणाली.' आता पाहा, माह्याबद्दलचं मले दाखवायले तिची परवानगी घेतली. अन् मी तिच्याबद्दलचं साऱ्या गावाले दाखवलं.

पाटीवर लिहिलं होतं, 'आशामावशीचा आवाज अंगाला टोचतो. मावशी गालाला हात लावते तेव्हा मी आकडे मोजते, संपेपर्यंत. आशामावशी चांगली आहे. तिनं रोज यावं. बोलू नये.'

मी जे लाजणं समजत होती, ते मोजणं होतं. इतकी वर्षं पोरगी मोजून राह्यली. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा दिसेना. आत महामाया माह्याकडे न पाहता बॅगेत कपडे ठेवून राह्यली, एकूण एक इस्त्रीचे. मले 'माह्ये बाई' म्हणायचं होतं. नाही म्हटलं. पदराचा बोळा करून तोंडात घातला.

अन् ती खरंच गेली त्या गाडीत, मंजुश्रीसंग. पण आश्रमात नाही अन् ऑपरेशनले नाही. तिथं अमरावतीले तिच्यासारखे सारे जमणार होते, पुढच्या वेळी लोकाले काय प्रश्न विचारायचे ते या संशोधनवाल्यांना शिकवायले. शिकवायले, ऐकलं ना? मंजुश्री खिडकीतून म्हणे, 'रविवारी येतो परत.' म्हणजे चक्कीवर राहिलेलं वाक्य एवढंसंच होतं. वर म्हणे, 'गल्लीले काही सांगू नका ताई. तिचं ती सांगन.' म्हणजे गुरुवार ते रविवार. साऱ्या बाया माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या, माह्याजवळ पहिल्यांदा पूर्ण बातमी, खरी, पक्की, अन् मी अशी चूप की आमच्या घरच्यांनी वैद्याले विचारलं.

आता मी रोज जाते. हात मांडीत घेऊन बसते. ती इस्त्री करते, मी पाह्यते. ती बोलली तर बोलते, नाही तर नाही.

परवा चक्कीवर सुभद्राबाई साऱ्यांदेखत म्हणे, 'पण काही म्हण आशा, तुह्यी बातमी अगदीच खोटी नव्हती व. गाडी आली, अमरावतीचीच आली, पोरगी गेली. अर्धी तर खरी निघाली.' साऱ्या बायांनी माना डोलावल्या, की बाप्पा, आशाबाईची बातमी म्हणजे बातमी. काय सांगू त्याहिले. म्हटलं, हाव माय, अर्धी खरी निघाली.

ती अर्धी मंजुश्रीची होती.