दोन वकील कशाला

ब्याऐंशी साली पालघरच्या स्टँडवर मी सातपाटीच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक कोळी नवराबायको वकिलाला भेटून येऊन टेकले होते.

"वकील बोलतो, फारकतीला तुझा वकील वेगळा हवा, जमुना."

"भांडण नाय, तर भांडनारे दोन कशाला?"

"उद्या मी शब्द फिरवला तर?"

"माझा बाप अंथरुनाला खिळला, तवा ऐन हंगामात बोट बांधून त्याच्या उशाशी बसलात तुमी. तुमी काय शब्द फिरवाल!"

"माझ्या आयचं तू नाय केलंस?"

"केलं की. पन एका घरात आपलं जमलं नाय, ते नायच जमलं."

"त्यात दोष कोनाचाच नाय."

"वकिलाला मात्र दोष हवाच होता. तुमी बाहेर गेल्यावर विचारलं, नवरा मारतो काय?"

"मंग?"

"मी बोलली, मारनाऱ्याला सोबतीला घेऊन कोन येतं?"

"बरं झालं बोललीस. मंग दोघांत एकच वकील. ठरलं?"

"ठरलं."

"आनि माझं म्हावरं? आजवर तूच विकलंस. मला बाजारात बसता येत नाय."

"बोट लागली की पाटी घेऊन येईन. पन आता परकी हाय मी. तुमच्याशी पन भाव करीन."

"कर. इतकी वर्सं केला नाय, ते उपकारच तुझे."

"घासाघीस करीन हां."

"कर गं. चुंबळ तेवढी नीट बसव. पाटी उचलून डोक्यावर मीच देनार."