आधी बोलायचं कुणी?

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याला कोपर मारू नका! एवढं मोठं आकाश. तारे मोजायला बसलात तर सात जन्म पुरायचे नाहीत. मग तिथं कुठंच कुणी शहाणं नाही? आणि असेल, तर हाक का येत नाही?

ऐका तर. एका माळावर लोखंडाच्या मोठमोठ्या तबकड्या होत्या, आकाशाकडे तोंड केलेल्या. तिथं दामोदर खैरे नोकरीला. काम काय? वरून कुणाची हाक येते का, ते यंत्रावर ऐकायचं! एकोणीस वर्षं ऐकलं. हूं नाही की चूं नाही.

एकदा त्यानं विचारलं, "साहेब, आपण त्यांना हाक मारतो का हो?"

"नाही. आपण फक्त ऐकतो."

"आणि ते?"

साहेब हसले. "तेही ऐकतच बसले असतील."

दामोदरही हसला — आणि मधेच गप्प झाला. कारण तीन कोसांवर त्याची थोरली बहीण होती, अनुसया. वडिलांच्या तेराव्याला शब्दानं शब्द वाढला, तेव्हापासून अबोला. हा म्हणायचा, "ती मोठी. भाऊबीजेला नुसतं 'ये' म्हणू दे, धावत जातो." ती म्हणायची, "भाऊबीजेला भावाला काय अक्षत द्यावी लागते?" आता सांगा, चूक कुणाची? दोघांचेही कान दाराकडे, तोंडं मात्र शिवलेली!

त्या भाऊबीजेला तो साडी घेऊन, बोलावणं नसताना निघाला. दिवेलागणीला पोचला. दारात भाची, कालिंदी. ती रडायलाच लागली. "मामा, फार उशीर केलात. दोन वर्षं झाली, आई कुणाला ओळखत नाही. भाऊबीज तेवढी विसरत नाही."

अंगणात अनुसया ताट घेऊन उभी. भाऊ आला नाही की बायका चंद्राला ओवाळतात, तुम्हाला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं हा आकाशाला कान लावून होता, आणि त्याच आकाशाला ती ओवाळत होती!

दामोदर पुढं झाला. "अक्का, मी आलोय गं."

ती म्हणाली, "बाजूला हो रे बाबा, चंद्र दिसत नाही. माझ्या भावाला ओवाळायचंय."

तो बाजूला झाला. काय करणार?

मंडळी, आकाश का गप्प आहे, मला ठाऊक नाही. आपण का गप्प आहोत, ते मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे. आरतीआधी उठू नये म्हणतात. आज ज्याला कुणी आठवलं असेल, त्यानं खुशाल उठावं. देव थांबेल, त्याला सवय आहे. माणूस थांबतोच असं नाही.