लागून

(नव्या वसाहतीतली दोन घरं, पाठीला पाठ. मधे पुरुषभर उंच भिंत. अलीकडच्या परसात थोरली बहीण आणि वसाहतीचा मॅनेजर; पलीकडच्या परसात धाकटी.)

मॅनेजर : आधी तो हातोडा खाली ठेवा काकू, मग बोलू.

थोरली : बोला की. माझे कान मोकळेच आहेत.

मॅनेजर : शेजारच्यांची तक्रार आलीय. सकाळपासून ठकठक चाललीय म्हणतात.

थोरली : खरं आहे त्यांचं. आणि एवढ्या ठकठकीत गिलावा निघालाय तो हा, एवढासा. घरात साधा खिळा ठोकला तर हातभर पोपडा येतो. भिंत मात्र अगदी जीव ओतून बांधलीत हं तुम्ही!

मॅनेजर : ही सामायिक भिंत आहे. अलीकडे सेक्टर चार, पलीकडे सेक्टर सात. तुम्हाला ती फोडता येणार नाही.

थोरली : फोडतंय कोण? दार करतेय.

मॅनेजर : प्लॅनमध्ये दार नाही काकू.

थोरली : प्लॅनमध्ये माझी बहीणही नाही. पण ती आहे ना? भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसलीय. चिमे, ओ दे साहेबांना.

धाकटी : नमस्कार साहेब. मी हिला नको म्हणतेय हो. कालपासून नको म्हणतेय.

थोरली : तू गप्प बस.

धाकटी : आत्ताच ओ दे म्हणालीस.

मॅनेजर : नमस्कार धाकट्या काकू. हे बघा, मी खरं तर दुसरंच काही सांगायला...

थोरली : आधी माझं ऐका. उद्या हिचं घर बघायला माणसं येणार आहेत. पसंत पडलं की ही घर विकून मुलाकडं जाणार, आणि मग मी या भिंतीशी बसून काय, टाळ्या वाजवू? मला उद्याच्या आत दार हवंय. तुमच्याकडून होत नसेल तर बाजूला व्हा. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. मोठे डॉक्टरसुद्धा माझ्या वाटेत उभे राहत नसत.

मॅनेजर : पण जायला रस्ता आहे की. चांगला रुंद आहे, दोन्ही बाजूंनी फूटपाथ आहे.

थोरली : चला, सांगा मला तो रस्ता. माझ्या दारातून निघा.

मॅनेजर : दारातून निघून... ही गल्ली पुढं बंद आहे, म्हणजे उजवीकडं. मग वळणाचा रस्ता. सेक्टर चारचं गेट. मग रिंग रोड, तळ्याला वळसा...

थोरली : तळं! सिमेंटचा हौद आहे तो. बरं, पुढं?

मॅनेजर : मग सेक्टर सातचं गेट.

थोरली : तिथं वॉचमन विचारतो, कुणाकडं? मी म्हणते, बहिणीकडं. मग तो हिला फोन लावतो. ही बाथरूममध्ये असली की मी उन्हात उभी. सख्ख्या बहिणीकडं जायला सख्ख्या बहिणीची परवानगी! बरं, आत सोडलं. मग?

मॅनेजर : मग पुन्हा वळणाचा रस्ता, बकुळ मार्ग, आणि डावीकडं तिसरी गल्ली.

थोरली : बकुळ मार्गावर बकुळ आहे का एक तरी?

मॅनेजर : लावणार आहोत.

थोरली : आणि एवढं करून मी पोचते कुठं? जिथून निघाले तिथंच. फक्त भिंतीच्या पलीकडे.

धाकटी : साहेब, तुम्हाला चहा देते म्हटलं तरी देता येत नाही बघा. कप भिंतीवरून कसा द्यायचा?

मॅनेजर : राहू द्या काकू, तुम्ही विचारलंत हेच खूप.

थोरली : आणि हे सगळं केलं कुणी? तुम्हीच. तेव्हा तुम्ही मॅनेजर नव्हता, घरं विकायला टाय लावून बुकिंग ऑफिसातल्या त्या मोठ्या टेबलाशी उभे होतात. काचेखाली पुठ्ठ्याची सगळी वसाहत, हिरव्या स्पंजाची झाडं, रस्त्यावर गाड्या. तुम्ही बोट ठेवलंत आणि म्हणालात, हे ताईंचं, आणि त्याला लागून हे धाकट्या ताईंचं. लागून! हाच शब्द होता.

मॅनेजर : लागूनच आहे ना. मधे फक्त भिंत आहे.

थोरली : ती पुठ्ठ्यावर कुठं होती?

मॅनेजर : मॉडेलवर भिंती नाही दाखवत काकू. भिंती लावल्या की घरं दिसत नाहीत.

धाकटी : इथंही तेच झालंय.

थोरली : ऐकलंत?

धाकटी : पण त्यांना बोल लावू नकोस ताई. चूक माझी आहे. जन्मभर कपडे बेतले मी. कापड वाचावं म्हणून कॉलर बाहीच्या कुशीत मांडतो आपण, अगदी लागून. शिवून झाल्यावर त्या दोघींची गाठ पडते का कधी? कॉलर गळ्याशी, बाही खांद्याला. त्या टेबलावर नुसतं कापड मांडलं होतं, शिवण अजून व्हायची होती. हे मला नाही कळायचं तर कुणाला? पण तू म्हणालीस, हेच घ्यायचं, आणि मी मान हलवली.

थोरली : मग काय वाईट केलं? दोघी एकेकट्या. जवळ असावं म्हटलं.

धाकटी : वाईट केलंस असं कुठं म्हणतेय मी?

मॅनेजर : एक विचारू? धाकट्या काकू, तुम्ही निघालात ते त्या दिवशीच्या प्रकारामुळं का?

थोरली : मग आणखी कशामुळं? सांगते ना मी. हिला आता कडेकडेचं दिसत नाही, मधलं तेवढं दिसतं, तेही पुसट. तरी माझ्याकडं यायला एकटी निघाली. तुमची सगळी घरं एका रंगाची. सगळ्या दारांना एकच तपकिरी रंग, दुसरा लावला तर तुमची नोटीस येते. तुमचा रस्ता गोल. ही फिरून फिरून...

धाकटी : माझी गोष्ट मला सांगू दे की. साहेब, मी फिरत फिरत परत माझ्याच घरी आले. असं मला वाटलं. दार उघडंच होतं. म्हटलं, बघा, कुलूप लावायला विसरले. चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा काही सापडेना. तेवढ्यात बाथरूममधून टॉवेल गुंडाळलेला एक उंच बाप्या बाहेर आला.

मॅनेजर : अरे बापरे.

धाकटी : तो बिचारा माझ्याहून जास्त घाबरला. मला म्हणाला, आपण कोण? मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा, आणि काहीतरी अंगावर घाला.

थोरली : हसू नका साहेब.

धाकटी : हसू दे. मीही हसले होते. त्यानं चहा पाजला, घरी आणून सोडलं. चार घरं पलीकडचाच होता. पण घरी आल्यावर मी दार लावलं आणि एकेक डबा चाचपून बघितला. आपलं घर आपल्याला ओळखू आलं नाही, हे काही हसून जाईना. मुलाला कळलं. तो म्हणाला, आई, बास. आता तू माझ्याकडं.

थोरली : म्हणून दार! दार असतं तर हिला रस्त्याला लागायचंच कारण नव्हतं. हिचं परस, माझं परस, संपलं. हिच्या पायाखालची वाट. मुलाकडं जाऊन काय करणार ही? दहाव्या मजल्यावर खिडकीशी बसणार, जिच्यातून हिला काही दिसणार नाही. सरका बाजूला, मला ठोकू द्या.

मॅनेजर : काकू, एक मिनिट! मला बोलू द्याल का? मी तक्रारीसाठी आलोच नव्हतो. तुम्ही मागं अर्ज दिला होतात ना, कमिटीनं दार मंजूर केलंय.

थोरली : काय?

मॅनेजर : दोन्ही सेक्टरच्या कमिटीनं. मी तेच सांगायला येत होतो, वाटेत तक्रारीचा फोन आला.

थोरली : मग मघापासून तोंडात काय धरून बसला होता?

मॅनेजर : तुम्ही मला बोलू दिलंत कुठं?

धाकटी : हे मी साठ वर्षं सांगतेय.

थोरली : चिमे, ऐकलंस? मंजूर झालं! साहेब, गवंडी उद्या सकाळीच येईल ना? लोखंडी दार नको, थंडीत हाताला चटका बसतो. लाकडी. पायरी नको, हिला दिसायची नाही. आणि तुझ्या त्या कुंड्या हलवू आपण, त्या मधे येतायत.

मॅनेजर : अट आहे काकू. दोन्ही घरांची मागणी हवी. आणि दोन्ही घरांत मालकानं स्वतः राहायला हवं. विकायला काढलेल्या घराला दार देता येत नाही. उद्या दुसरंच कुणी तिथं आलं तर त्यांच्या परसात तुमचं दार, हे चालणार नाही.

थोरली : त्यात काय एवढं. ती राहतेय. लावा मागणी.

मॅनेजर : त्यांनी म्हणायला हवं.

थोरली : तिच्या वतीनं मी म्हणते.

मॅनेजर : तसं नाही चालणार.

थोरली : चिमे, हो म्हण.

धाकटी : थांब गं जरा.

थोरली : त्यात थांबायचं काय? हो म्हण, साहेबांना बाकीची कामं आहेत.

धाकटी : ताई, एक सांगू? रागावशील.

थोरली : रागावणारच असेन तर विचारतेस कशाला? सांग.

धाकटी : ही भिंत होती म्हणून मी इथं एवढे दिवस राहिले.

थोरली : म्हणजे?

धाकटी : तू आलीस की माझ्या घरात डबे फिरतात. साखर खाली जाते, पीठ वर जातं. टॉवेल दुसऱ्या खुंटीला. कात्री, जी मी मशीनच्या उजवीकडे ठेवते, ती ड्रॉवरमध्ये. तू गेलीस की मी दोन दोन तास माझंच घर चाचपत बसते. पूर्वी चालायचं. पूर्वी दिसत होतं. आता डबा ठेवला तिथंच मिळाला पाहिजे, नाहीतर मी माझ्याच स्वयंपाकघरात परकी. त्या टॉवेलवाल्याच्या घरी साखर सापडली नाही ना, तेव्हा मला वाटलं काय सांगू? मला वाटलं, ताई येऊन गेली.

मॅनेजर : मी... जरा पुढच्या दाराशी थांबतो.

धाकटी : थांबा साहेब, तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही. एवढा मोठा वळसा घालून यायचं म्हणून ही आठवड्यातून दोनदाच यायची. दार झालं की दिवसातून दहादा येईल. मग घर कुणाचं? मुलाकडं जायचं मला काय हौस आहे? पण तिथं निदान सून डब्याला हात लावत नाही.

थोरली : मला कधी बोलली नाहीस.

धाकटी : बोलले. तू डबे पुसत होतीस.

थोरली : वॉर्डाची सवय गं. प्रत्येक वस्तू नेमलेल्या जागी.

धाकटी : तुझ्या नेमलेल्या.

थोरली : साहेब, ती खुर्ची द्या जरा. बसते.

मॅनेजर : पाणी आणू का काकू?

थोरली : नको. चिमे, तू तिथं बसून असतेस ना, मशीन चालवतेस, खोकतेस, रेडिओ लावतेस. मी इकडं भाजी चिरता चिरता ऐकत असते. उद्या ती माणसं घर घेतील आणि तिकडून दुसराच खोकला ऐकू येईल. मला तू हवी आहेस. तुझ्या डोळ्यांची काळजी वगैरे सगळं आहेच, पण आधी ते. मला तू इथं हवी आहेस.

धाकटी : हे कधी म्हणाली नव्हतीस.

थोरली : आता म्हणाले. राहशील?

धाकटी : विचारतेयस?

थोरली : विचारतेय. नाही म्हणालीस तर हातोडा साहेबांना देऊन टाकते.

धाकटी : साहेब, आहात का?

मॅनेजर : आहे काकू.

धाकटी : उद्याच्या माणसांना येऊ नका म्हणून फोन करा. नंबर तुमच्याकडं असेलच. मुलाला मी सांगते. तो चिडेल, चिडू दे. पोटचा आहे, निवळेल.

मॅनेजर : मग दाराची मागणी तुमच्याकडूनही धरू?

धाकटी : धरा. पण माझ्या मापाचं. रुंदी अशी ठेवा की दोन्ही हात लांब केले की चौकटीच्या दोन्ही बाजू हाताला लागाव्यात. उद्या सकाळी गवंड्याला माझ्याकडं आधी पाठवा, मी उभी राहून दाखवते. कुंड्या आहेत तिथंच राहतील, त्यांच्यावरूनच मला भिंत कळते. दाराला रंग पिवळा. कमिटीला सांगा, मला तेवढाच दिसतो.

मॅनेजर : पिवळा रंग... नियमात नाही.

धाकटी : तुमचे नियम रस्त्यावरून दिसणाऱ्या दारांना. हे दार आमच्या दोघींशिवाय कुणाला दिसणार आहे?

मॅनेजर : बरोबर आहे. पिवळा.

थोरली : बघा, ही कुणाची बहीण आहे.

धाकटी : आणि कडी माझ्या बाजूला. एकच कडी.

थोरली : म्हणजे? मी यायचं कसं?

धाकटी : बाकीचं जग येतं तसं. दार वाजवून.

थोरली : तुझ्या घरी मी दार वाजवू?

धाकटी : वाजवायचं, आणि थांबायचं. मला उठायला, यायला वेळ लागतो. पहिल्या ठोक्याला उघडलं नाही म्हणून भिंतीवरून ओरडायचं नाही.

मॅनेजर : कडी एका बाजूला... तसं लिहू का काकू?

थोरली : लिहा. काय बघताय माझ्याकडं? ती म्हणतेय तसं लिहा.

धाकटी : ताई, जमेल ना पण तुला?

थोरली : जमेल. तू सावकाश ये. मी उभी राहीन.