अकरा-चाळीसची चुकलेली फेरी

मी, खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त, पूर्वी बस आगारात वेळापत्रक लिपिक, राहणार इमारतीचा चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर उजव्या हाताचे दार. लग्न केलेले नाही, हे वेगळे विचारले म्हणून सांगते. घरात मी व कुत्र्याचे एक पिल्लू, मादी, वय साडेचार महिने, एवढेच राहतो. आज दुपारी सव्वातीन वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, मांडीचे ऑपरेशन झालेले असल्याने चाकाच्या खुर्चीत बसूनच, पूर्ण शुद्धीत समक्ष सांगते की,

माझ्या बहिणीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, मागच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी याच ठाण्यात तक्रार दिली. आमच्या इमारतीच्या वॉचमनने माझ्या घराचे दार पहारीने फोडले आणि माझ्या दोन बांगड्या, पर्स व पिल्लू गायब आहे, असे तक्रारीत आहे. भाचा दर मंगळवारी साडेपाचला मला भेटायला येतो. त्या दिवशी त्याला दार फुटलेले, फरशी घाण झालेली व घरात कोणी नाही असे दिसले. फाटकावर वॉचमनही नव्हता आणि त्याची पहार दाराशी पडलेली होती. भाचा मनाने चांगला आहे, पण त्याचे सगळे आधी करून मग विचारायचे असते. वॉचमन त्या वेळी इस्पितळात, माझ्या ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभा होता.

बांगड्या इस्पितळातल्या नर्सने काढून माझ्या खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडे दिल्या होत्या व त्यांनी त्या पदराच्या टोकाला बांधून ठेवल्या होत्या. पर्स माझ्याच उशाशी होती. पिल्लू टेलरबाईंच्या घरात होते. हे सर्व मिळाले असून माझी त्याबाबत काही तक्रार नाही. उरले ते दार. मालकिणीने परवानगी दिली होती का, असे वॉचमनला विचारले असता त्याने सांगितले की नाही, मावशी नको म्हणाल्या होत्या. यावरून वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीने त्याला कामावरून थांबवले आहे. ठाण्याचे पत्र सोमवारपर्यंत न मिळाल्यास त्याच्या जागी दुसरा माणूस कायम होणार आहे. मला हे सर्व काल समजले. मला त्रास नको म्हणून भाच्याने लपवून ठेवले होते.

पिल्लाबाबत विचारल्यावरून सांगते की, ते भाच्यानेच तीन महिन्यांपूर्वी आणून दिले. मी मागितले नव्हते. 'मावशी, तुला सोबत होईल,' असे तो म्हणाला. या सोबतीने पहिल्या दिवशी माझ्या घरात सात ठिकाणी शू केली, त्यातले एक ठिकाण माझी चप्पल. रंग काळा व आकार जेमतेम म्हणून मी तिचे नाव मुंगी ठेवले. पहिले दहा दिवस मी वर्तमानपत्रे अंथरून पाहिले. त्यातून तिची अशी पक्की समजूत झाली की वर्तमानपत्र दिसले की त्यावर बसायचे, मग ते मी वाचत असले तरी. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, 'कागद आजपासून बंद. झोपून उठली, खाल्लं, खेळली, की खाली न्यायची. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. केलं की कौतुक करायचं. घरात केलं तर गुपचूप पुसून टाकायचं, ओरडायचं नाही. तुम्ही चिडलात एवढंच तिला कळतं, कशावर चिडलात ते कळत नाही.'

ठरलेल्या वेळी म्हटल्यावर मला बाकीचे समजावून सांगावे लागले नाही. तेहतीस वर्षे मी तेच काम केले आहे. मी रोजच्या नऊ फेऱ्या बसवल्या. पहिली सहा-दहा, शेवटची नऊ-पन्नास. प्रत्येक फेरीला खाली कुंपणाच्या भिंतीजवळ, तुटक्या नळाच्या डाव्या बाजूला, दहा मिनिटे थांबा. निवृत्तीनंतर मी दिवसाकाठी एकदा, तेही दूध आणायला, खाली जात असे. नऊ वेळा जाऊ लागल्यावर इमारतीत इतकी माणसे राहतात हे मला समजले. वॉचमनची मुलगी नर्सिंगला आहे व त्याला स्वतःला मधुमेह आहे, हेही मला फेऱ्या सुरू झाल्यावरच समजले. त्यापूर्वी चार वर्षे तो फाटकावर होता.

टेलरबाई तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या खाली राहतात. त्यांचे मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून फाटक व कुंपणाची भिंत दोन्ही दिसतात. सुरुवातीच्या दिवसांत मुंगीने माझ्या गॅलरीत केलेले पाइपातून उतरून त्यांच्या दोरीवरच्या, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. त्या तो सदरा घेऊन वर आल्या. 'पाइप इमारतीचा आहे, कमिटीला सांगा,' असे मी त्यांना म्हणाले. हे उत्तर बरे नव्हते. त्यांनी खरोखरच कमिटीला सांगितले. कमिटीने ठरवले की मी माझे वेळापत्रक लिफ्टशेजारी चिकटवावे, त्याबरहुकूम पिल्लू खाली न्यावे आणि तीन फेऱ्या चुकल्या की पिल्लू इमारतीबाहेर. नोंद ठेवायचे काम टेलरबाईंनी आपणहून अंगावर घेतले. प्रत्येक फेरीपुढे त्या कापडावर आखायच्या खडूने खूण करीत. एवढे डोळ्यांत तेल घालून पाहणारा तपासनीस मी आगारातही पाहिला नाही.

मंगळवारपर्यंत दोन फेऱ्या चुकल्या होत्या. पहिल्या वेळी लिफ्ट बंद होती आणि माझे गुडघे दुखत होते. दुसऱ्या वेळी माझा डोळा लागला होता. दोन्ही वेळा मी टेलरबाईंशी जिन्यात उभी राहून भांडले, दुसऱ्यांदा चाळीस मिनिटे. माझा स्वभाव तसा आहे. चूक माझी, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

घटनेच्या दिवशी, मंगळवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी मुंगीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ शू केली. त्यापूर्वी वीस दिवस तिने घरात काही केले नव्हते, म्हणून माझे डोके फिरले व मी तिच्यावर मोठ्याने ओरडले. ओरडू नये हे मला माहीत होते, हेही नोंदवून घ्यावे. फडके आणायला वळले तो त्याच ओल्यावर पाय पडून मी कुशीवर आपटले. उठता येईना. फोन टेबलावर होता व दाराला आतून कडी होती. मुंगी आधी पलंगाखाली गेली. थोड्या वेळाने आपण होऊन आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली.

अकरा-चाळीसची फेरी माझ्या डोळ्यांदेखत गेली. भिंतीवरचे घड्याळ मला पडल्या जागेवरून दिसत होते. अकरा-बावन्नला दार वाजले. बाहेर टेलरबाई होत्या.

'अकरा-चाळीस गेली तुमची,' त्या म्हणाल्या. 'ही तिसरी.'

मी आतून म्हणाले, 'हो, गेली. चूक माझीच आहे.'

त्या उतरून गेल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर वॉचमन होता व त्याच्याकडे पहार होती. तुम्हाला कशावरून कळले, असे मी नंतर इस्पितळात विचारले. त्या म्हणाल्या, 'तीन महिन्यांत एकदा तरी चूक माझी म्हणालात का? अर्धा जिना उतरले आणि लक्षात आलं. म्हटलं, ही बाई भांडत नाही म्हणजे काहीतरी भलतंच झालंय.'

वॉचमनने दाराला तोंड लावून विचारले, 'मावशी, पडलात का?'

'पडले.'

'दार फोडू?'

मी नको म्हणाले. त्याने तीनदा विचारले व मी तिन्ही वेळा नको म्हणाले. साडेपाचला भाचा येईल, तो बघेल, असेही सांगितले.

टेलरबाई म्हणाल्या, 'कडी आतून आहे ना? मग भाचा काय वाफ होऊन आत शिरणार आहे?'

यावर वॉचमन म्हणाला, 'मावशी, तुम्ही नको म्हणताय ते मला ऐकू आलंय. तरी फोडतोय. नंतर काय बोलायचं ते बोला मला.' त्याने चार घाव घातले. दार उघडले. त्यानंतर त्याने रुग्णवाहिकेला फोन केला, मुंगीला खाली टेलरबाईंच्या घरात ठेवले आणि तो व टेलरबाई माझ्यासोबत इस्पितळात आले. मला रक्त द्यावे लागले, ते वॉचमनचे मधुमेहामुळे चालत नव्हते, म्हणून त्याने खाली जाऊन दोन अनोळखी माणसांना गळ घालून वर आणले. त्यांची नावे मला माहीत नाहीत. माहीत असती तर सांगितली असती.

या ठिकाणी जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणाले, 'बाई, तुम्ही हो म्हणालात असंच लिहू का? एका ओळीत प्रकरण मिटेल.' ते चांगल्या मनाने म्हणाले, त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु वॉचमनने आपले काम जाईल हे दिसत असताना खरे सांगितले आहे. मी हो लिहिले तर कागदावर तो खोटा ठरेल. शिवाय न सुटलेली बस सुटली असे मी तेहतीस वर्षांत कधी लिहिलेले नाही.

तर मग नको का म्हणालात, असे हवालदारांनी विचारले. मी पाणी मागितले. पाणी प्यायल्यावर सांगते की,

मी नको म्हणाले ते दारासाठी नव्हे, व वॉचमनवर विश्वास नव्हता म्हणूनही नव्हे. पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मला लघवी धरता आली नाही. माझे कपडे व खालची फरशी भिजली होती. त्या अवस्थेत मला कोणी पाहू नये, टेलरबाईंनी तर नाहीच नाही, म्हणून मी नको म्हणत होते. साडेपाचपर्यंत वाळून जाईल असा माझा अंदाज होता. माझ्या आत रक्तस्राव चालू होता हे मला माहीत नव्हते. डॉक्टरांना मी साडेपाचचे सांगितले तेव्हा ते म्हणाले की साडेपाचपर्यंत मी राहिले नसते.

दार उघडल्यावर टेलरबाई आधी आत आल्या. त्यांनी पाहिले. मागे वळून वॉचमनला म्हणाल्या, 'तिथंच थांब, तोंड फिरव.' त्याने तोंड फिरवले. त्यांनी माझ्या कपाटातून धुतलेले कपडे काढले, मांडीला धक्का न लावता बदलता येतील तेवढे बदलले व खांद्यावरच्या कापडाने जमेल तेवढी फरशी पुसली. ते कापड कोणाचे तरी शिवायला आलेले होते. तोवर रुग्णवाहिकेची माणसे वर आली. त्यातला एक नाक मुरडून म्हणाला, 'केवढी घाण आहे इथं.'

टेलरबाई म्हणाल्या, 'घरात पिल्लू आहे. अजून शिकतंय.'

ज्या पिल्लाच्या एका थेंबासाठी त्यांनी तीन महिने मला सळो की पळो करून सोडले, त्या पिल्लावर त्यांनी माझे घातले, तेही माझ्याकडे न बघता. मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकले. मला आयुष्यात बऱ्याच जणांनी सांभाळून घेतले असेल. असे कोणी घेतलेले मला आठवत नाही.

सध्या मुंगीच्या नऊही फेऱ्या टेलरबाई करतात. दहा मिनिटांचा थांबा त्यांना जास्त वाटतो व त्या लवकर परततात, असे माझे मत आहे व मी ते त्यांना सांगितले आहे. मंगळवारची तिसरी चुकलेली फेरी त्यांनी कागदावर मांडलेली नाही. मांडा म्हटले तर म्हणाल्या, 'आता मात्र तुम्ही गप्प बसा.'

माझी मागणी एवढीच की, वॉचमनविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नसल्याचे पत्र सोमवारच्या आत त्याच्या कंपनीला जावे. त्याने माझे म्हणणे ऐकले नाही म्हणून मी आज जिवंत आहे, हे त्यात असावे. मी त्याची व टेलरबाईंची जन्माची ऋणी आहे. हा शब्द जबाबात बसत नाही असे हवालदार म्हणाले. तो बसवावा. तसेच भाच्याच्या तक्रारीत 'पिल्लाने सर्वत्र केलेली घाण' असे लिहिले आहे, ते दुरुस्त करावे. पिल्लाचे तळहाताएवढे होते. बाकीचे माझे होते.

जबाब वाचून दाखवण्यापूर्वी हवालदारांनी विचारले की बाहेरच्या बाकावर वॉचमन बसलेला आहे, त्याला सगळे ऐकू जाईल, दार लोटून घेऊ का. मी म्हणाले, उघडेच राहू दे आणि जरा मोठ्याने वाचा. त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. वरील मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यातले काही कमी करायचे नाही, म्हणून खाली सही करते.