टोपीशिवाय प्रवेश नाही

– नाही, वाचली ना मी पाटी, वाचता येतं मला! ‘टोपीशिवाय तलावात प्रवेश नाही.’ खाली कारणही लिहिलंय – केस जाळीत अडकतात. बरोबर? मग ताई, जरा नीट बघा माझ्याकडे – बघा बघा, लाजू नका, आठ वर्षं लोक बघतायत – यातला कुठला केस अडकणार तुमच्या जाळीत? डोक्यावर नाही, हातावर नाही, पापण्यासुद्धा नाहीत. तुमच्या नियमाच्या केसालाही धक्का लागत नाही हो!

छे छे, कॅन्सर-बिन्सर काही नाही. अलोपेशिया म्हणतात याला. आपल्याच शरीराला आपल्याच केसांचा राग येतो, बास, बाकी मी ठणठणीत. तीन महिन्यांत सगळे गेले. रडले की – उशीत तोंड खुपसून रडले. मग रडायचाही कंटाळा आला. विग आणला होता, त्यात डोकं नुसतं शिजायचं, दिला टाकून. तेव्हापासून ही अशीच – बँकेत अशी, बाजारात अशी. एकदा बसमध्ये एक काका मला आजारी समजून उठले, जागा दिली – बसले मी! पाय दुखत होते, नाही कशाला म्हणू? उतरताना सांगितलं, काका, मला काही झालेलं नाही, पण थँक्यू. त्यांचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला होता.

भुवया? हां, त्या पेन्सिलीच्या. रोज काढते. त्यातही गंमत आहे बरं का – साहेबांकडे रजा मागायची तर जरा उतरत्या, बिचाऱ्या. सासूबाईंकडे जायचं तर सरळ, गरीब. भांडायचं असेल तर अशा, वर चढवलेल्या. आज तुमच्याशी भांडायचं होतं ना.

काय म्हणालात? जा? तशीच? – अहो, असं कसं जा? नियम आहे ना तुमचा! आज मला सोडलंत, उद्या सगळ्या बायका टोप्या काढतील. साहेबांना विचारा एकदा. मी थांबते, मला घाई नाही.

हळू बोला हो. मागे बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलीय ना, ती माझी लेक. बारा वर्षांची. पाण्यात नुसती मासोळी – आणि दोन महिने पाण्याला शिवलेली नाही. कानामागे केस जाऊन एक चट्टा पडलाय, नाण्याएवढा. कपडे बदलताना टोपी काढली की मुली बघतात. मी म्हटलं, माझ्याकडे बघ, मी घाबरते का कुणाला? तर म्हणते कशी – ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान! भुवया जातील म्हणून तू समुद्रावरसुद्धा वाळूत बसून राहतेस.’ खरंच आहे ते, ताई. डोक्याचं मला काही वाटत नाही. पण भुवया पुसल्या की आरशात जी दिसते ना, तिची मला भीती वाटते. रात्री दिवा मालवल्यावर पुसते मी, पहाटे सगळे उठायच्या आत पुन्हा काढते. नवऱ्यानेही पाहिलेलं नाही आठ वर्षांत. कुणाला सांगितलं नव्हतं हे, तुमच्यापुढे कशी बोलून गेले कोण जाणे. तर ठरलंय असं – आधी मी उतरायचं, टोपी नाही, भुवया नाहीत, मग ती. नाहीतर उद्या पोहण्याच्या क्लासमधून नाव काढायचं तिचं. म्हणून म्हणते, ताई, अडवा मला. नियम आहे म्हणा. जरा मोठ्याने म्हणा, तिला ऐकू जाईल असं.

अगं, तू कधी आलीस इथे? ऐकलंस सगळं? – हसतेस काय – आणि टॉवेल कशाला भिजवलास नळाखाली – अगं अगं, काय करतेस – डोळ्यात जाईल, हळू – एक तरी राहू दे गं – बरं. पूस. तीही पूस.

कशी दिसतेय? – तू नको सांगूस, तू नुसती दात काढतेयस. ताई, तुम्ही सांगा. नको, तुम्हीही राहू द्या. – अहो, ती बघा, निघालीसुद्धा! अगं, टोपी! तुला केस आहेत गं बाई, तुला नियम आहे! – थांब, आधी मी ठरलं होतं ना! – सरका हो ताई, दारात किती बोलत उभ्या राहाल!